व्हीलचेअरवाल्यांनी वारसा कसा पाहावा

गेल्या रविवारी ताईला शहरातला जुना वाडा दाखवायला नेलं. कुठला ते सांगत नाही. तुमच्या गावातलाच वाटेल. ताई व्हीलचेअर वापरते. येताना इतकं ज्ञान गाठीशी बांधलं की वाटून टाकलेलं बरं.

आधी तारीख ठरवा. शक्यतो ३ डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन. त्या दिवशी पायऱ्यांवर लाकडी फळी असते, गुलाबाचं फूल मिळतं, फोटो निघतो. ४ तारखेला फळी मंडपवाल्याकडे परत.

ते जमत नसेल तर जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ व्हा. २००१ च्या जानेवारीत स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले, तेव्हा कुतुबमिनार, जंतरमंतरला तात्पुरते लाकडी रॅम्प लगेच उभे राहिले. कृष्णविवरांवर थोडं काम करून ठेवा, उंबरठ्याचं ते बघतील.

आदल्या रात्रीपासून पाणी पिऊ नका.

रॅम्प दिसला म्हणून हुरळूही नका. एक फूट चढायला बारा फूट उतार हवा, असं मानक सांगतं. आपल्याकडे तीन पायऱ्यांवर सिमेंट ओतलं की झाला रॅम्प. तो अहवालात दाखवायला असतो.

तिकीट खिडकीशी गप्प राहा. ताई कॉलेजात इतिहास शिकवते, पेशवाईच्या सनावळ्या तिला तोंडपाठ. खिडकीतून प्रश्न आला मला: "यांना काय झालंय?"

आता मुख्य सल्ला. उचलू द्या. शत्रूचा हत्ती अडवायला दाराला लोखंडी खिळे ठोकावे लागत. ताईला अडवायला दिंडीदरवाज्याचा उंबरठा पुरला. लगेच चौघे धावले. "त्यात काय, उचलून घेऊ की!" नको म्हणायचं नाही हं, माणसं पुण्य कमावत असतात. एकाने चाक धरलं, एकाने काखेत हात घातला, तिसऱ्याने निघून हातात येणारा पायठेवा धरला, चौथ्याने मोबाइल. ताई "थांबा, थांबा" म्हणतेय आणि हे "घाबरू नका मावशी" म्हणताहेत. पन्नाशीची बाई आहे ती, गणपतीची मूर्ती नाही! तुमच्या आईच्या काखेत भर चौकात चार अनोळखी पुरुषांनी हात घातले तर चालेल का तुम्हाला? पदर सरकला तो तिने सावरायचा की दांडा घट्ट धरायचा? आणि आत पोचल्यावर काय, तर पुढे अजून सात पायऱ्या. बाहेर येताना पुन्हा हीच मिरवणूक. वर एक गृहस्थ मला हळूच म्हणाले, "एवढा त्रास घेऊन आणायचं कशाला? घरी व्हिडिओ दाखवायचा."

तक्रारवही मागू नका. ती साहेबांकडे असते आणि साहेब मीटिंगला असतात.

"हेरिटेज आहे, हात लावता येत नाही," हे वाक्य मात्र ऐकून घ्या. ज्या भिंतीला टेकून ते म्हटलं गेलं, तिच्यात ड्रिल मारून हॅलोजन लावलेत. अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत. सेल्फी पॉइंटला काँक्रीटचा चौथरा आहे. हेरिटेज फक्त रॅम्पच्या वेळी आठवतं. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर, सुमारे अडीच हजार वर्षं जुन्या मंदिरांपाशी, २०२० मध्ये नवी लिफ्ट बसली. ती मंदिरं काही कोसळली नाहीत.

आता सल्ले पुरे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, नियम २०१७ चे. असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम करायला पाच वर्षं दिली होती, ती २०२२ मध्ये सरली. सुगमतेचे किमान नियम सक्तीचे करा, हे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. इतकं होऊनही आमच्या वाड्यातल्या दिव्यांगांच्या शौचालयात झाडू, बादल्या आणि एक मोडका पंखा ठेवलाय. लाज वाटत नाही? दहा फुटांचा उतार बांधायला कसली समिती नेमता?

आणि नुसती माना डोलावत वाचणाऱ्यांनो, सरकारला शिव्या घालून सुटू नका. बाहेर रॅम्पच्या तोंडाशी "दोनच मिनिटं" म्हणून आडवी लावलेली स्कूटर साहेबांची नव्हती, तुमच्यापैकीच कुणाची तरी होती. काढा ती तिथून.