उतरत्या छपराचे प्रकरण

खानदेशात घरावर धाबे, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, असते, आणि ज्याला धाबे नको असते तो स्लॅब टाकतो. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागेला लागून बांधायला घेतलेल्या घरासाठी मी या दोहोंना नकार देऊन उतरते कौलारू छप्पर ठरवले आणि ही गोष्ट मिस्त्रींच्या कानावर घातली, तेव्हापासून गावात कौलांचे तज्ज्ञ उगवू लागले. कोकणात कौलांविषयी फारसे कोणी बोलत नसावे, कारण तिथे ती बहुतेकांच्या डोक्यावरच असतात. आमच्याकडे ती फारशी कोणाच्या डोक्यावर नसल्यामुळे मत द्यायला सगळेच मोकळे होते.

मिस्त्रींचे मत थोडक्यात सांगतो: "सर, स्लॅब टाका." कौलांना किमान पंचवीस-तीस अंशांचा उतार लागतो, म्हणजे आढे उंच जाते, म्हणजे भिंतीही उंच जातात, हे सारे त्यांनी मला असे ऐकवले की जणू तो उतार मी त्यांना त्रास देण्यासाठी शोधून काढला होता.

जळगावच्या दुकानदाराला मात्र कोणत्याच कौलाविषयी आकस नव्हता. सिमेंटची कौले त्याच्या मते उत्तम होती, मोरबीची चकचकीत कौले त्याहून उत्तम होती, आणि कौलाच्या आकाराचा रंगीत पत्रा तर इतका उत्तम होता, की बाकीची दोन्ही उत्तम का ठेवली आहेत, असा प्रश्न पडावा. पत्र्याचा मी विचार सोडून दिला. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो त्या मे महिन्यात पत्र्याखाली दुपार काढायची आणि पावसाळ्यात त्याच पत्र्याखाली बसून एकमेकांशी खुणांनी बोलायचे, हे निवृत्तीनंतर झेपण्यासारखे नव्हते. चकचकीत कौलांच्या रंगांचा तक्ता सौभाग्यवतींनी बराच वेळ न्याहाळला. चॉकलेटी, शेवाळी आणि निळा यांपैकी एक निवडायचा होता. परंतु आमच्याकडे चैत्रापासून जी धूळ उडते, ती कोणताही रंग एका उन्हाळ्यात शेताच्या रंगाचा करून सोडते, हे लक्षात आल्यावर तिनेच तक्ता मिटवून परत केला.

उरली ती मातीची मंगलोरी कौले. बासल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेच्या जॉर्ज प्लेब्स्ट याने १८६५ साली मंगळूरजवळ जेप्पू येथे नेत्रावतीच्या काठी या कौलांचा कारखाना काढला, ही माहिती मी उत्साहाने घरात सांगितली, तेव्हा त्यात काही सवलत मिळते का, एवढेच मला विचारण्यात आले.

दोन निरनिराळ्या भट्ट्यांची नमुन्याची कौले मी घरी आणून ओट्यावर ठेवली आणि तिथून माझ्या हालांना खरी सुरुवात झाली. चांगले भाजलेले कौल वाजवल्यावर खणखणीत वाजते आणि कच्चे कौल बद्द आवाज करते, हे खरेच आहे. पण हे सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे ओट्यावरून जाणारा प्रत्येक जण बोटाच्या पेराने, किल्लीने, एकदा तर अडकित्त्याने ती वाजवून जाऊ लागला, आणि एकाला खणखणीत वाटलेले कौल दुसऱ्याला हमखास बद्द वाटू लागले. अखेर शास्त्राचा आधार घ्यावा म्हणून मी मंगलोरी कौलांचे भारतीय मानक, क्रमांक ६५४, धुंडाळले. त्यानुसार कौल चोवीस तास पाण्यात ठेवले असता वरच्या प्रतीच्या कौलाने स्वतःच्या वजनाच्या १८ टक्क्यांहून अधिक पाणी पिता कामा नये. न्हाणीघरातल्या बादलीत कौल बुडालेले असल्यामुळे त्या दिवशी सर्वांच्या आंघोळी तांब्याच्या घंगाळाभोवती भांडणे करीत उरकल्या. कोरडे असताना २ किलो ६०० ग्रॅम भरलेले एक कौल दुसऱ्या दिवशी किराणा दुकानाच्या काट्यावर बरोबर ३ किलो भरले, म्हणजे त्याने सुमारे १५ टक्के पाणी प्यायले होते. निकाल समाधानकारक होता. दुकानदाराला मात्र मी कौल किलोवर विकायला आणले आहे असे वाटले आणि त्याने भाव विचारला.

त्याच वजनावरून मी पुढचा हिशेब मांडला. छपराचे क्षेत्र आठ ब्रास, म्हणजे आठशे चौरस फूट, चौरस मीटरला साधारण पंधरा कौले, म्हणजे अकराशे कौले. म्हणजे पावणेतीन टनांहून अधिक भार वाशांवर आणि रिपांवर, तोही कोरडा. हा आकडा ऐकून मिस्त्री प्रथमच प्रसन्न हसले.

मग धुळ्याकडून आप्पा आले. त्यांनी कौल वाजवले नाही, हातातही घेतले नाही. बागेच्या कडेच्या चिंचेकडे बघत ते म्हणाले, "कौले बठ्ठी चांगली शेतस रे भो, पन हाई वानरेस्ले कोन सांगी?" चिंचेवर वानरांची अख्खी टोळी मुक्कामाला असते आणि चिंचेवरून सर्वांत जवळची उडी माझ्या नियोजित आढ्यावरच पडते, हे मी आजवर नकाशात पाहिले नव्हते. तेवढ्यात शेजाऱ्यांनी वळवाच्या वादळाची आठवण करून दिली. जे वारे उभ्या केळी आडव्या करते, ते कौलांची गय का करील? यावर उपाय निघाला, तो असा की कडेच्या आणि आढ्याच्या ओळी तारेने रिपांना बांधायच्या आणि शंभर कौले जास्तीची घेऊन ठेवायची. त्यांतली किती वादळासाठी आणि किती वानरांसाठी, याची वाटणी कोणी केली नाही.

हे सगळे मार्गी लागले आणि मी बयाणा द्यायला निघालो, तेव्हा आतापर्यंत एक शब्दही न बोललेल्या आईने बिबडे, कुरडया आणि उडदाचे पापड कुठे वाळवायचे, आणि उन्हाळ्यात खाटा कुठे टाकायच्या, एवढे दोनच प्रश्न विचारले. मानक क्रमांक ६५४ मध्ये यांची उत्तरे नाहीत.

आता पुढच्या निम्म्या घरावर कौले चढणार आहेत आणि मागच्या निम्म्यावर सपाट स्लॅब पडणार आहे. मिस्त्री हा निर्णय स्वतःचाच असल्यासारखे गावात सांगत फिरत आहेत. गच्ची तापू नये म्हणून तिच्यावर पांढऱ्या फरश्या बसवाव्या लागतात, आणि त्या पाच प्रकारच्या असून पाचही उत्तम आहेत, असा जळगावच्या दुकानदाराचा आजच सकाळी फोन आला होता.