‘डीएनए आणा, पोटगी बंद’ : हा सल्ला कुठे कुठे चुकतो

सोलापुरात मोबाइलवर फिरणाऱ्या एका मेसेजचा सल्ला असा: “मूल आपलं नाही अशी शंका आहे? खासगी लॅबमधून डीएनए करा. रिपोर्ट दाखवला की पोटगी बंद, जन्मदाखल्यावरचं नाव रद्द. लग्नच झालं नसेल तर काहीच देणं लागत नाही.” हे खरं मानून चालणारा माणूस स्वतः अडकतो आणि लेकरालाही भरडतो.

“रिपोर्ट दाखवला की...” न्यायालय डीएनएच्या आधी तारखा बघतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६ (जुन्या पुरावा कायद्याचं ११२) म्हणतं: वैध लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच. लग्न संपल्यावर २८० दिवसांत जन्मलेलंही, आईने दुसरं लग्न केलेलं नसेल तर. हे खोडायचं तर गर्भ राहिला त्या काळात दोघांना एकत्र येण्याची संधीच नव्हती, हे सिद्ध करावं लागतं. “आमचं पटत नव्हतं” एवढ्याने भागत नाही.

समजा, भिवंडीत यंत्रमागावर काम करणारा नवरा म्हणतो, वर्षभर घरी आलोच नाही. आणि मूल जन्मलंय ऑक्टोबरात. उलटतपासणीत विचारलं जाणार: संक्रांतीला, सोलापुरात तेव्हाच भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेला आला होतात ना? १४ जानेवारीपासून २८० दिवस मोजले की येते २१ ऑक्टोबर. दोन रात्रींचा मुक्काम निघाला तरी बाजू ढासळते. म्हणून हजेरीपत्रक, पगाराच्या नोंदी, प्रवासाची तिकिटं आधी जमवा आणि पहिल्याच कैफियतीत (न्यायालयात द्यायच्या लेखी उत्तरात) तारखांसह मांडा. मागाहून सुचलेला आरोप सहसा टिकत नाही.

गुपचूप घेतलेल्या नमुन्याचा रिपोर्ट तर फारच कच्चा. नमुना कोणाचा, कोणासमोर घेतला, सील कोणी केलं, याला उत्तर नसतं. चाचणीसाठी न्यायालयाकडेच अर्ज करावा लागतो, आणि ती मागितली की मिळते असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये हे स्पष्ट केलं. २०२३ मध्ये, पुण्याहून गेलेल्या प्रकरणात, बायकोचा व्यभिचार सिद्ध करण्यासाठी मुलाची चाचणी नाकारली. उलट २०१४ मध्ये, न्यायालयाच्याच आदेशाने झालेल्या चाचणीत नवरा बाप नाही असं निघालं, तेव्हा कायद्याच्या गृहीतकापेक्षा रिपोर्टला वजन मिळालं. दार बंद नाही, पण ते न्यायालयातूनच उघडतं.

“पोटगी बंद.” आदेश रद्द होईपर्यंत रक्कम चढत राहते. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगून थकबाकी फिटत नाही. बदल हवा तर त्याच न्यायालयात अर्ज करा, तोवर भरत राहा.

“नाव रद्द.” पितृत्वाचा वाद महापालिकेचा जन्म नोंदणी विभाग सोडवत नाही. मूल औरस (वैध लग्नातलं) आहे की नाही हे जाहीर करून मागण्याचा दावा कौटुंबिक न्यायालयात चालतो.

“लग्न नाही, तर देणं नाही.” साफ चूक. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम १४४ औरस-अनौरस असा भेद न करता मुलाला पोटगी देतं. आणि ज्या बापाला मूल हवंय, त्याने हेही ध्यानात घ्यावं: हिंदू कायद्यात अनौरस मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यानंतर बाप. भेटीची परवानगी मात्र तो न्यायालयाकडे मागू शकतो.