ऑलिंपिक कॅरियर रिकामं होतं हे कुठेच सिद्ध झालेलं नाही

बॅटलस्टार गॅलॅक्टिका या अंतराळातल्या सायन्स फिक्शन मालिकेच्या '३३' या एपिसोडबद्दल परत तेच फिरतंय, की त्यातलं ऑलिंपिक कॅरियर हे प्रवासी जहाज रिकामं होतं, ते उडवणाऱ्या वैमानिक अपोलोने कुणालाच मारलं नाही, आणि ३३ आकड्यामागे काहीतरी गुप्त अर्थ आहे. दोन्ही चूक आहे.

आधी जहाज. २००४ च्या नव्या मालिकेचा हा पहिलाच रेग्युलर एपिसोड, सायलॉन, म्हणजे यंत्रमानव शत्रू, माणसांच्या जहाजांच्या ताफ्यावर दर ३३ मिनिटांनी हल्ला करतात, १३० तासांच्या वर कुणाला झोप नाही, सुटण्यासाठी २३७ जंप (अंतराळात क्षणात दूर मारलेल्या उड्या) झालेत, आणि १३४५ माणसं असलेलं ऑलिंपिक कॅरियर मागे राहतं तर तेव्हा हल्ले थांबतात, मग ते परत येतं आणि सायलॉनही येतात. जहाजावर अणुबॉम्बची खूण मिळते, वैमानिकांना खिडक्यांमधून कुणी दिसत नाही. बस, एवढंच. दिसत नाही म्हणजे आत कुणी नाही असं होत नाही ना! आदेश राष्ट्राध्यक्ष रॉझलिनचा, गोळी अपोलोची, आणि माणसं होती का हे दोघांनाही कळत नाही, एपिसोडचं सगळं वजन तिथेच तर आहे. रिकामं होतं म्हणून मोकळं व्हायचं तर मग तो निर्णय इतका जड का वाटतो?

३३ चं म्हणाल तर लेखक रोनाल्ड मूरने स्वतःच सांगितलंय की आकड्याला खास अर्थ नाही. मला विचाराल तर कारण न दिलं तेच बरं केलं, कारण थकलेल्या माणसांनाही ते कुठे माहीत होतं. फक्त कॅप्रिका ग्रहावर मागे अडकलेल्या हेलो या अधिकाऱ्याचा ट्रॅक मधेच ताण सोडतो, ते मात्र खटकतं.