भाड्याची हवा

१९८४ साली आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा अख्खा संसार एका टेंपोत मावला होता. वर जागा उरली म्हणून टेंपोवाल्याने मानखुर्दला स्वतःची मेहुणी आणि तिची शेळी बसवून घेतली, असं बाबा सांगतात. (शेळीचं खरंखोटं मला माहीत नाही, मी सहा वर्षांचा होतो आणि झोपलो होतो.) वाशीला रेल्वे यायला अजून आठ वर्षं होती, सिडकोची घरं नवी कोरी होती. गेल्या वर्षी तीच इमारत पुनर्विकासाला गेली आणि या वेळी टेंपोच्या पाच खेपा झाल्या.

बिल्डर जे भाडं देतो त्यात कोपरखैरण्याचा वन बीएचके येतो. त्यात न मावलेला संसार रबाळे एमआयडीसीत एका सेल्फ स्टोरेजमध्ये ठेवलाय. आठ बाय आठचं युनिट, निळं शटर, कुलूप आपलं, किल्ली आपली, महिन्याचं भाडं आणि वर जीएसटी. पूर्वी तिथे कारखाना होता. शेड पाडली नाही, तीच रंगवून आत पत्र्याच्या खोल्या काढल्या. छपरावर सोलर पॅनल आहेत, उजेडासाठी मधे मधे पारदर्शक पत्रे आहेत, ऑफिसच्या एसीतून ठिबकणारं पाणी बादलीत साठवून त्यानेच लादी पुसतात. इतकी पर्यावरणप्रेमी जागा की आत शिरताना आपणच थोडे प्लॅस्टिकचे आहोत असं वाटायला लागतं.

भाडं वाढल्याचा मेसेज आला आणि मी ठरवलं, सहा बाय सहाच्या युनिटमध्ये जायचं. ६४ चौरस फुटांतून ३६ गेले, उरले २८. तेवढा संसार काढून टाकायचा. वजाबाकी म्हणून काही अवघड नाही. ही दारातच म्हणाली, "बाबांना नेऊ नकोस." पण किल्ली बाबांकडे होती.

बाबांनी आयुष्यात कुठलीही वस्तू टाकलेली नाही. आमच्या घरातून आजवर एकच मोठी गोष्ट भंगारात गेली, ती म्हणजे आईच्या शिलाई मशीनचा लोखंडी स्टँड. १९९८ साली मी कॉलेजात असताना, बाबा गावाला गेलेले बघून मी तो भंगारवाल्याला देऊन टाकला. आलेल्या पैशांत मित्रांबरोबर मिसळ खाल्ली. त्या मिसळीचं नाव घरात अजूनही निघतं.

स्टोरेजच्या दाराशीच पाटी आहे: युनिट बदलताना कचरा मागे ठेवल्यास अनामत रकमेतून कपात होईल. पाटीखाली पाच पिंपं, पुठ्ठा, प्लॅस्टिक, धातू, ई-कचरा आणि ट्यूब-बॅटऱ्या. शेजारी वजनकाटा. मॅनेजर घणसोलीचा, पंचविशीचा मुलगा. काय बाहेर गेलं, किती किलो गेलं, हे तो रजिस्टरमध्ये लिहितो. मला हा सगळा थाट बघून घाम फुटला आणि बाबांना मुलगा आवडला.

पहिल्यांदा थर्माकोल निघाला. टीव्हीचा, मिक्सरचा, गीझरचा, फ्रिजचा.

"बाबा, हा फ्रिज आपण २००६ साली विकला."

"मग? थर्माकोल कुठे दिला होता त्याला?"

मी तो ढीग काट्याशी नेला. मॅनेजर म्हणाला, "सर, वजन करून उपयोग नाही. थर्माकोलमध्ये ९८ टक्के हवा असते. म्हणून तर भंगारवाला हात लावत नाही, टेंपो भरला तरी काट्यावर काही येतच नाही."

मी तिथेच मनातल्या मनात हिशेब मांडला. युनिटचा एक पूर्ण कोपरा थर्माकोलने अडवलेला होता. म्हणजे वर्षभर मी चौरस फुटाच्या दराने भाडं भरून हवा ठेवली होती. तीही एमआयडीसीची.

"मग तुम्ही याचं काय करता?"

"दाबून ठोकळे करणारे लोक आहेत, ते नेतात. पण गाडीभर जमल्याशिवाय येत नाहीत."

"तोवर कुठे ठेवता?"

"एक युनिट घेतलंय त्याच्यासाठी," तो थोडा ओशाळून म्हणाला.

मग खोकी. बाबांनी एका खोक्याची कड नखाने उचकटली आणि मोजून दाखवलं, "तीन सपाट, दोन नागमोडी. पाच पदरी आहे. असा पुठ्ठा आता मिळत नाही." मिळतो, पण कोण वाद घालणार? मॅनेजरने त्यात तेल ओतलं. म्हणाला, "काका बरोबर बोलतायत. पुठ्ठा लगद्यात घातला की दर वेळी त्याचा धागा आखूड होतो. त्यापेक्षा आहे तसाच परत वापरलेला चांगला." चाळीस वर्षं रेंगाळलेल्या दाव्याचा निकाल आपल्या बाजूने लागल्यावर माणूस जसा बघेल तसं बाबांनी माझ्याकडे बघितलं.

तरी चार फाटकी, भिजून वाकलेली खोकी मी शिताफीने बाजूला काढलीच. तेव्हा कळलं की टेप काढून द्यावी लागते. पुठ्ठ्याच्या पिंपात प्लॅस्टिक चालत नाही. ही ब्राउन टेप आपण चिकटवतो तेव्हा नीट चिकटत नाही, आणि काढायला बसलं की सोडत नाही. तिचं टोक नखाने शोधायचं. ते सापडलं की ओढायचं. वीतभर सरळ येते, मग एका बाजूने निमुळती होत होत दोऱ्याएवढी होते आणि तुटते. की परत टोक शोधा. दोऱ्याएवढी झालेली टेप बोटाला चिकटते, बोटाची सोडवली की दुसऱ्या हाताला, तिथून कोपराला. पाऊण तास मी हेच करत होतो. जाणारे येणारे भाडेकरू माझ्याकडे कनवाळूपणे बघत होते. शेवटी जीव रमवायला जवळचा बबल रॅप घेऊन चार फुगे फोडले, तर मॅनेजर लांबून ओरडला, "सर, फोडू नका! परत वापरतो आपण." हा बबल रॅप १९५७ साली अमेरिकेत भिंतीला लावायचा कागद म्हणून जन्माला आला होता. भिंतीवरच राहिला असता तर निदान मला कुणी ओरडलं नसतं.

टीव्ही मात्र गेला. जुना, मागे पोट सुटलेला. बाबा म्हणत होते, भंगारवाल्याला देऊ, चार पैसे तरी येतील. पण मुलाने समजावलं की भंगारवाला पिक्चर ट्यूबच्या मानेवरची तांब्याची गुंडाळी काढून घेतो आणि काच कुठेतरी नाल्याकाठी टाकतो, आणि त्या काचेत शिसं असतं. २०२३ च्या एप्रिलपासून नवे ई-कचरा नियम लागू झालेत, आता हे नोंदणी केलेल्या रिसायकलरकडेच जायला पाहिजे. नियम म्हटल्यावर बाबा विरघळले, ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत. पावतीही मागून घेतली. मग आपणहून सहा उडालेल्या ट्यूबलाइटी दिल्या, आत पारा असतो म्हणून. सहा चोक मात्र परत पिशवीत गेले. चोक चांगले होते.

माझा धीर वाढला. इतक्यात बाबांना माझं एक खोकं सापडलं. आत वायरींचा गुंता, बंद पडलेल्या सात मोबाइलचे चार्जर, डोंगलं, कशाचा तरी रिमोट.

"हे रे कशाचे?"

"असू दे. लागतील," मी म्हणालो.

म्हटल्यावर मलाच ऐकू आलं. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी ते खोकं उचलून हळुवारपणे ठेवायच्या बाजूला सरकवलं.

दुपारी बाबा विजेच्या बिलांची फाइल घेऊन बसले. १९९१ चं बिल हातात धरून एकेक आकडा वाचत होते. तिथले दिवे सेन्सरवर आहेत, हालचाल थांबली की दोन मिनिटांत बंद. थोडक्यात, तिथे आठवणींत रमायचं तर अधूनमधून हात हलवावा लागतो. दिवा गेला, मी हात हलवला, आला. बाबांनी बिल उलटं केलं. मागे आईच्या अक्षरात धोब्याचा हिशेब होता. चादरी चार, शर्ट सहा, एक साडी, पुढे "फॉल निघाला आहे, सांगणे". दिवा परत गेला. या वेळी थोडा वेळ कुणीच हात हलवला नाही.

फाइल राहिली.

निघताना मी जरा समाधानात होतो. टीव्ही, फाटकी खोकी, एक गंजलेली खुर्ची, सगळं मिळून काट्यावर ३१ किलो भरलं. ट्यूबलाइटी वेगळ्या. एवढ्यात बाबा दिसेनात. दाराजवळ एक मांडणी आहे, "घेऊन जा" अशी. लोकांना नको झालेल्या पण धडधाकट वस्तू तिथे ठेवतात, ज्याला हव्यात त्याने फुकट न्याव्यात. बाबा तिच्यासमोर उभे होते.

"पाटा-वरवंटा टाकलाय रे कुणीतरी. टाकीचे घाव सुद्धा ताजे आहेत."

"बाबा, आपल्याकडे मिक्सर आहे."

"वीज गेली की?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्या आठवड्यात दोनदा गेली होती. पण बाबांचं लक्ष पाट्यावर नव्हतंच. मांडणीच्या खाली, भिंतीला टेकून, शिलाई मशीनचा लोखंडी स्टँड उभा होता. ओतीव, जाळीदार पायपट्टी, चाक जागेवर. बाबांनी पाय ठेवून बघितला. चाक कुरकुरत फिरलं.

"तेल लागेल थोडं," ते म्हणाले. मिसळीचा उल्लेख केला नाही. केला असता तर बरं झालं असतं.

मी आणि मॅनेजरने मिळून दोन्ही वस्तू काट्यावर चढवल्या, कारण रजिस्टर म्हणजे रजिस्टर. ३४ किलो. मुलाने ३१ मधून ३४ वजा करायचा प्रयत्न केला. सहा महिन्यांत त्याच्याकडे उणं कुणाचं आलं नव्हतं, आणि त्याच्या रजिस्टरमध्ये त्याला रकानाही नव्हता. तो बराच वेळ पेन धरून बसला. मग पेन कानावर खोचून अदबीने म्हणाला, "काका, दहा बाय दहाचं एक रिकामं झालंय. दाखवू?"

मी "नको" म्हणेपर्यंत बाबा निघालेही होते. पुढचे दिवे एकेक करून लागत गेले.

"बघायला काय पैसे पडतात?" त्यांचा आवाज आला.