भाड्याच्या स्कूटरी आणि आपला लाडका सिव्हिक सेन्स

भाड्याच्या इलेक्ट्रिक गाड्यांचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा पाच मिनिटांत एकाच वाक्यावर येऊन बसते, "आपल्या लोकांना सिव्हिक सेन्सच नाही हो". मग पुरावा म्हणून पुण्यातल्या त्या शेअरिंगच्या सायकली येणार म्हणजे येणारच. डिसेंबर 2017 मध्ये स्मार्ट सिटीने औंध आणि विद्यापीठात सुरुवात केली, मागोमाग ओफो, मोबाईक, युलू ह्या सायकल शेअरिंगच्या कंपन्या सगळ्या उतरल्या, वर्ष-दोन वर्षं शहरभर रंगीबेरंगी सायकली दिसल्या, मग कुलपं तोडलेल्या, मोडून पडलेल्या सायकलींचे फोटो फिरले आणि मग सायकलीच गेल्या. आणि ही चर्चा रंगात आली की आमच्यासारखं परदेशात बसलेलं कोणीतरी "इथे बघा किती छान चालतं" म्हणून वरून तेल ओततं. मला ह्या तेलाबद्दलच बोलायचंय. मी जर्मनीत कोलोनमध्ये राहते, आणि इथे छान वगैरे काही चाललेलं नाही.

इथली स्कूटर म्हणजे उभं राहून चालवायची, दोन छोटी चाकं, मधे फळी आणि वर दांडा. ॲपने कोड स्कॅन करायचा, साधारण एक युरो अनलॉकचा आणि पुढे मिनिटावर पैसे. 2019 च्या जूनमध्ये जर्मनीने ह्यांना रस्त्यावर परवानगी दिली. वेग ताशी 20 किलोमीटरच्या आसपास, वय किमान 14, लायसन्स नको, हेल्मेटची सक्ती नाही, विमा मात्र हवा, एका स्कूटरवर एकच माणूस, आणि दारू पिऊन चालवली तर नियम कारचेच, म्हणजे कारचं लायसन्ससुद्धा जाऊ शकतं. कागदावर एकदम कडक. आता शनिवारी रात्री अकरानंतर रिंगवर, म्हणजे कोलोनच्या मध्यभागाभोवतीच्या मोठ्या रस्त्यावर, येऊन बघा. एका फळीवर दोघं, पुढचा चालवतोय, मागचा त्याच्या खांद्यावर हात टाकून ओरडतोय, दोघंही बिअर प्यायलेले, फुटपाथवरूनच चाललेत, आणि जिथे ॲप राईड संपवू देईल तिथे स्कूटर आडवी टाकून निघून जातात. राईड संपवताना पार्किंगचा फोटो काढावा लागतो, पण फोटो काढल्यावर स्कूटर उभीच राहील असं थोडंच आहे.

हे झालं रोजचं. 2021 मध्ये तर ऱ्हाईन नदीच्या तळाशी शेकडो स्कूटरी पडल्यात अशी बातमी होती, बॅटऱ्यांसकट, आणि त्या बाहेर काढायला पाणबुडे बोलवावे लागले. ऱ्हाईनमध्ये स्कूटर फेकणारी माणसं काही आपल्याकडून आली नव्हती.

ओफोचंही तसंच. ती पुणेकरांमुळे गेली असं आजही छातीठोकपणे सांगतात. ओफो 2018 च्या उन्हाळ्यात बर्लिनमधूनसुद्धा गेली, आल्यापासून काही महिन्यांत, कारण कंपनीचे पैसेच संपत आले होते आणि देशामागून देश सोडणं चालू होतं. आणि मोबाईकने त्याच वर्षी मँचेस्टर सोडलं ते चोरी आणि तोडफोडीचं कारण देऊन. मँचेस्टर! तेव्हा मला वाटतं उघड्यावर ठेवलेली, कोणाच्याच मालकीची न वाटणारी वस्तू जगात कुठेही ठेवली तर तिचं साधारण तेच होतं. पुण्यात तोडफोड झालीच नाही असं मी म्हणत नाहीये, झाली, पण त्यावरून आपल्या सगळ्या जातकुळीचा निकाल लावायची काही गरज नाही.

मग फरक काय आहे? आहे, पण तो माणसांत नाही, महापालिकेच्या कागदांत आहे. सुरुवातीला इथल्या कंपन्यांचं म्हणणं असं की रस्ता सार्वजनिक, कोणीही सायकल लावतो, तशा आम्ही आमच्या लावतो, तुम्ही कोण विचारणार. नोव्हेंबर 2020 मध्ये म्युन्स्टरमधल्या, आमच्या राज्याच्या वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयाने ड्युसेलडॉर्फ शहरातल्या भाड्याच्या सायकलींच्या केसमध्ये सांगितलं की नाही, धंद्यासाठी फुटपाथवर गाडी ठेवणं हा जागेचा वेगळा वापर आहे, त्याला परवानगी लागेल. एवढ्या एका गोष्टीने सगळं फिरलं. परवानगी लागणार म्हटल्यावर अटी घालता येतात, गाड्यांची संख्या ठरवता येते, जागा आखून देता येतात. कोलोनने 2022 मध्ये दर स्कूटरमागे वर्षाला 85 ते 130 युरो फी लावली, कंपन्या कोर्टात गेल्या आणि जानेवारी 2023 मध्ये इथल्या प्रशासकीय न्यायालयात हरल्या.

पण कागद झाले म्हणजे सगळं झालं असंही नाही, आणि हे इथले कौतुक करणारे सोयीस्करपणे विसरतात. जर्मनीतल्याच ब्रेमेन शहरात 2020 मध्ये एक अंध गृहस्थ काठी घेऊन भिंतीच्या कडेकडेने चालले होते, दोन स्कूटरी भिंतीला आडव्या लावलेल्या, त्यांच्यावर अडखळून पडले, मांडीचं हाड मोडलं. 20 हजार युरोची भरपाई मागितली. नोव्हेंबर 2023 मध्ये वरच्या कोर्टानेही नाही म्हटलं, कारण काय तर स्कूटरी परवानगीच्या अटींप्रमाणेच लावल्या होत्या आणि काठीने चालणाऱ्याने रस्त्यात अडथळे असणार हे धरून चालावं. म्हणजे नियम पाळूनच हाड मोडलं! मला ही केस वाचून जेवढी चीड आली तेवढी त्या शनिवारच्या बिअरवाल्यांची कधी येत नाही.

आणि पॅरिस. पॅरिसने तर टेंडर काढलं, तीनच कंपन्या, प्रत्येकी 5 हजार स्कूटरी, कित्येक भागांत वेग आपोआप ताशी 10 वर येणार, आखलेल्या जागी पार्किंग, सगळं केलं. तरी 2 एप्रिल 2023 ला मतदान घेतलं तेव्हा 89 टक्के लोकांनी नको म्हटलं आणि 1 सप्टेंबरपासून भाड्याच्या स्कूटरी बंद. आता मतदानाला आले होते साडेसात टक्केच, म्हणजे जे वैतागले होते ते आले आणि जे वापरत होते ते बहुतेक झोपले होते, त्यामुळे ह्याला अख्ख्या पॅरिसचं मत म्हणायला मी तयार नाही. पण तिथेच ठरलेल्या स्टँडवर लावायच्या वेलिब सायकली मात्र चालूच आहेत, त्या कोणी बंद करा म्हणत नाही. माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाचा मुद्दा हा आहे. भांडण इलेक्ट्रिकशी नाही आणि भाड्याशीही नाही, "कुठेही सोडून जा" ह्या सोयीशी आहे, कारण ती सोय चालवणाऱ्याची आणि त्रास चालणाऱ्याचा.

आपल्याकडे चर्चा ह्यावर येतच नाही. युलूसारख्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्या ताशी 25 च्या वर वेग नाही आणि मोटर 250 वॅटच्या आत म्हणून मोटार वाहनात मोडत नाहीत, लायसन्स लागत नाही, ठीक. मेट्रो स्टेशन ते ऑफिस हा शेवटचा टप्पा म्हणून त्यांची जाहिरात व्हायची, पण आता त्या चालवणाऱ्यांत डिलिव्हरीची पोरं खूप असतात. त्यांच्यासाठी ती हौस नाही, दिवसाच्या कमाईचं साधन आहे. तेव्हा त्यांना बॅटरी बदलायला जागा कुठे, गाडी बंद पडली तर त्या दिवसाचं भाडं कोणाच्या खिशातून, ह्यावर नगरसेवकांनी बोललं तर काही उपयोग आहे. इथल्या स्कूटरवाल्यांची तुलना त्यांच्याशी करूच नये, इथे बऱ्याच जणांनी नाहीतर चालतच गेलो असतो असं सांगितल्याच्या पाहण्या आहेत, म्हणजे कार कमी होण्याचं जे गाजर दाखवलं होतं ते बऱ्यापैकी गाजरच.

माझा चुलतभाऊ म्हणतो, "अगं पण स्टँड आखणार कुठे, फुटपाथवर आधीच बाईक्स, टपऱ्या आणि डीपी बॉक्स आहेत". मान्य, शंभर टक्के मान्य. म्हणूनच स्टँड फुटपाथवर नकोच, रस्त्यावरच्या कार पार्किंगमधली जागा काढून द्या, एका कारच्या जागेत पाच-सहा गाड्या आरामात बसतात. कंपनीकडून जागेचं भाडं घ्या, आणि चुकीच्या जागी सापडलेली गाडी अमुक तासात उचलली नाही तर दंड, हे टेंडरमध्येच लिहा. आता कारवाल्यांची जागा काढून घ्यायची म्हटल्यावर कुठला नगरसेवक हात वर करणार, हा भावाचा पुढचा प्रश्न, आणि त्यावर आमचं फोनवर बराच वेळ भांडण झालं. पण निदान ते सिव्हिक सेन्सवरून झालं नाही.