बिघाड दुरुस्त झाल्याची तक्रार

सीआरएम म्हणजे गिऱ्हाइकाशी असलेलं नातं सांभाळणारं सॉफ्टवेअर, असं ते बसवून देणारे सांगतात. कोल्हापुरात हे नातं चहावर सांभाळलं जातं, फार तर एखाद्या रविवारी तांबड्या-पांढऱ्यावर. पण आमच्या मालकांच्या धाकट्या चिरंजीवांनी पुण्याच्या एका प्रदर्शनात ते पाहिलं आणि शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या पंपाच्या सुट्या भागांच्या ऑफिसात ते दाखल झालं. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता काढता येतो, एवढ्या पात्रतेवर ते माझ्या गळ्यात पडलं.

सॉफ्टवेअर फुकट होतं, सूटसीआरएम. शुगरसीआरएमच्या मुक्त आवृत्तीतून २०१३ साली फुटून निघालेलं. (फुटून वेगळं पॅनेल केलं म्हटल्यावर मालकांना ते लगेच पटलं.) त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, ते सरळमार्गी आहे. तक्रार आहे ती आम्ही त्याच्या पोटात भरलेल्या ‘कस्टम’ फोल्डरबद्दल. मूळ कोडला हात न लावता आपल्याला हवं ते वाढवून घ्यायची ही सोय. रेकॉर्ड सेव्ह होण्याआधी हे कर, झाल्यावर ते कर, असं सांगणारे कोडचे छोटे तुकडे तिथे लिहून ठेवायचे. त्यांना लॉजिक हुक म्हणतात. आमच्या प्रत्येक हुकाला मालकांची एकेक लहर टांगलेली आहे.

अमावास्येला कोटेशन पाठवायला गेलं की ‘उद्या पाठवावे’ अशी पिवळी पट्टी येते. इचलकरंजीच्या एका पार्टीचं नाव टाकलं की रक्कम लाल होते. का, ते विचारायचं नाही. मोबाइल नंबर दहा आकडी नसेल तर रेकॉर्ड सेव्ह होत नाही, हे शहाणपणाचं झालं; पण मालकांच्या सासुरवाडीला अजून लँडलाइन आहे, म्हणून त्या एका नंबरापुरती वेगळी अट लिहिलेली आहे. हे सगळं लिहिणारी पोरं आता हिंजवडीत असतात.

तर गेल्या पावसाळ्यात सर्व्हरवाल्यानं पीएचपीची, म्हणजे हे सॉफ्टवेअर ज्या भाषेत लिहिलंय तिची, जुनी ७.४ आवृत्ती बंद केली. त्याचं चुकलं म्हणता येत नाही; ७.४ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबलं होतं. आम्ही नव्या आवृत्तीवर गेलो. सकाळी लॉगिन झालं. इचलकरंजी लाल झाली. मी निर्धास्तपणे चहा मागवला, आणि तो संपायच्या आत फोन सुरू झाले. कोटेशनच्या तळाशी जुन्या गिऱ्हाइकाला दोन टक्के सूट आपोआप बसायची. ती कुणालाच बसेना.

“आरं, काल तर बसत हुती की!” मालक म्हणाले.

ह्या वाक्याला उत्तर नाही. काल सगळंच बरं चाललेलं असतं.

मी हिंजवडीला फोन लावला. “दादा, ब्राउझरचा कॅशे क्लिअर केलासा काय?” तिकडून आवाज आला. पोरगा आयटीत गेला तरी बोली शाबूत होती, बरं वाटलं. कॅशे क्लिअर केला. मग त्यानं ‘क्विक रिपेअर अँड रिबिल्ड’ करायला सांगितलं. हे बटण दाबलं की इकडेतिकडे विखुरलेले कस्टम तुकडे पुन्हा गोळा होऊन नव्यानं रचले जातात. मालकांना हे बटण भयंकर आवडतं. नावातच क्विक आहे आणि रिपेअर आहे, मग अजून का होत नाही, असा त्यांचा बिनतोड मुद्दा. भेटायला आलेल्या पाहुण्यांसमोरही ते मला ते दाबून दाखवायला लावतात. सूट काही आली नाही. पोरगा म्हणाला, “दादा, खरं सांगू? ते मी शिकाऊ असताना लिहिलेलं. बघू नका त्याच्याकडं.” आणि मीटिंगला गेला.

एवढ्यात शेजारच्या लेथवरचे मिस्त्री येऊन मागे उभे राहिले. ह्या माणसाचा मला फार हेवा वाटतो. कुठलंही मशीन असो, ते स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि बेअरिंग राहिलंय की गेलंय ते सांगतात. बिल तेवढ्यातच ठरतं.

“आवाज कसला येतोय?” त्यांनी विचारलं.

“आवाज न्हाई येत मिस्त्री.”

“वास?”

“वास बी न्हाई.”

“मग कळतंय कसं ओ बिघडलंय ते?”

“गिऱ्हाइकाचा फोन येतोय.”

मिस्त्रींनी माझ्याकडे अशा काही करुणेनं पाहिलं, की मी घाईघाईनं लॉग उघडला. लॉग म्हणजे सॉफ्टवेअरनं स्वतःबद्दल लिहून ठेवलेली रोजनिशी. एरवी तिच्यात फक्त गंभीर घटना नोंदतात. पातळी ‘डीबग’वर नेली की ते बारीकसारीकही सगळं लिहू लागतं. एक कोटेशन सेव्ह केलं आणि शेकडो ओळी उमटल्या. त्यांत एक चूक सापडली! मी ओरडलोच. ‘इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू.’

आमचा सेल्सचा पोरगा नोंदीत गिऱ्हाइकाच्या नावापुढे हात जोडल्याची इमोजी टाकतो. आमच्या जुन्या डेटाबेसमधली ‘यूटीएफ-आठ’ नावाची व्यवस्था एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देते. मराठी अक्षराला तीनच लागतात, त्यामुळे आपलं भागतं. इमोजीला चार लागतात. पोराचे नमस्कार बाहेरच्या बाहेर परत येत होते आणि तो बिचारा ‘माझ्या नोंदी राहत न्हाईत’ म्हणून कुरकुरत होता. टेबलं ‘यूटीएफ-आठ-एमबी-चार’वर नेली, नमस्कार पोचले. दोन टक्के जिथे होते तिथेच.

मग शेवटचा उपाय. सगळ्याची एक नक्कल वेगळ्या जागी उभी केली आणि हुक एकेक करून बंद करायला घेतले. अमावास्येच्या हुकाला हात घातला तेव्हा मालकांनी “आजच कशाला?” असं हटकलं. नकलेवर आहे म्हटल्यावर तयार झाले, तरी कॅलेंडर बघून आले. शेवटी सूट देणारा हुक एकटा उरला. त्यातल्या अटीच्या आधी, तुलना कशाची कशाशी होतेय ते लॉगमध्ये छापून घेतलं, आणि मी बराच वेळ नुसताच पडद्याकडे बघत बसलो.

अट अशी होती: गिऱ्हाइकाचा प्रकार शून्याबरोबर असेल तर दोन टक्के द्या. पहिल्यांदा हा सगळा प्रकार बसवला तेव्हा जुन्या गिऱ्हाइकाचा क्रमांक शून्य होता. पुढे कुणीतरी ती यादी सुधारून आकड्यांच्या जागी शब्द घातले: जुने, नवे, थकबाकीदार. अट तशीच राहिली. आता, पीएचपीच्या जुन्या आवृत्त्यांत शून्याची शब्दाशी तुलना केली की आधी शब्दाचा आकडा करायचा प्रयत्न होई, आणि आकडा नसलेल्या शब्दाची किंमत शून्य धरली जाई. म्हणजे ‘जुने’ बरोबर शून्य. ‘नवे’ बरोबर शून्य. ‘थकबाकीदार’सुद्धा बरोबर शून्य, आणि ‘गूळ’ लिहिलं असतं तरी तेच. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या ८.० पासून हा भोळेपणा संपला. शून्य हे शून्य आणि गूळ हा गूळ. लॉगमध्ये चूक सापडणार कुठून? चूक होत नव्हती, ती व्हायची थांबली होती.

“आण्णा,” मी मालकांना म्हणालो, “बिघडलेलं न्हाई. दुरुस्त झालंय.”

“मग गिऱ्हाईक का बोंबलतंय?”

“इतकी वर्षं सगळ्यांनाच दोन टक्के जात हुते. आता कुणालाच न्हाईत.”

“सगळ्यांना म्हंजे?”

इथे अकाउंटच्या मॅडम उठल्या. “मी यादी काढलोय आण्णा,” त्या म्हणाल्या. सूट गेली म्हणून ज्यांचे फोन आले होते त्यांच्या नावापुढे त्यांनी बाकी लिहून आणली होती. सगळ्यात मोठ्यानं ओरडलेल्या पार्टीकडे सगळ्यात मोठी बाकी होती. त्यानं तर ‘असं गिऱ्हाईक तोडताय व्हय?’ असंही सुनावलं होतं. मालकांनी यादी वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

मला वाटलं, आता अट नीट लिहायला सांगतील. जुन्यांना द्या, बाकीच्यांना नको. एका ओळीचं काम होतं. पण धंदा मला कधी कळलेला नाही.

“दर दोन टक्क्यांनी वाढव,” मालक म्हणाले. “आणि सूट सगळ्यांना दे.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना. कच्च्या लोखंडाचा भाव वाढलाय म्हणून सांगायचं.”

तसं केलं. फोन बंद झाले. थकबाकीदारानं तर ‘आता कसं!’ म्हणून स्वतःहून फोन केला. पैशाचं काही बोलला नाही. मालक खुशीत होते. मग संध्याकाळी मॅडम कॅल्क्युलेटर घेऊन आल्या. शंभराचे एकशे दोन केले आणि त्यातून दोन टक्के वजा केले, तर नव्व्याण्णव रुपये शहाण्णव पैसे होतात. शंभरामागे चार पैसे कमी.

मालकांनी माझ्याकडे बघितलं.

“त्याला एक हुक बसतोय काय बघ की.”