खुलासा : क्रूझ साठीपुढच्यांसाठी नाही?

आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतंय, ‘मुंबईहून सुटणाऱ्या स्वस्तातल्या क्रूझवर नुसता धिंगाणा, साठीपुढच्या जोडप्यांनी जाऊ नये.’ हे अर्धंच खरं आहे. कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ या क्रूझ जहाजावर पूलपाशी गाणी जोरात वाजतात, हे मान्य. पण हे जहाज ११ मजली आहे, त्यामुळे आवाजापासून लांब जाता येतं. लिफ्ट आहेत, जैन जेवणही मिळतं. माझे आईबाबा याच जहाजाने गोव्याला जाऊन आले. पहाटे डेकवर चिटपाखरू नव्हतं. बाबा कठड्याला टेकून चहा पीत होते, आई शाल पांघरून कोकणच्या बाजूने सूर्य वर येताना बघत होती. खोली मात्र खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर मागा. तिथे हेलकावे कमी लागतात, गाण्यांचा आवाजही लांब राहतो.